साठच्या साठ बिल्ले

६ मार्च

चि. छोट्यास अ. आ.

तुझं गुडघ्यांचं रडगाणं पोचलं. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघे दुखणारच, त्यात बातमी काय? मी बहात्तरची आहे, रोज तीन जिने चढते, पण त्याबद्दल कुणाला पत्र लिहीत नाही. आत्या फोन का करत नाही असं तुझी लेक विचारते म्हणे. तिला सांग, पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आता कानाला यंत्र लावायचा वीट आलाय. आणि फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस.

आता मुद्द्याचं. परवा क्लबात गेले होते. तुझ्या चिरंजिवांनी, म्हणजे क्लबाच्या वारसा समितीच्या सचिवसाहेबांनी, फारच आग्रह केला म्हणून गेले. आधी तलाव बघितला. खडकात खोदलेला, भरतीच्या पाण्याने भरणारा आपला तलाव! छोट्या, त्यात आता पाय धुवायचीही शिसारी येईल. पाण्यावर हिरवी साय, सायीवर एक रबरी चप्पल आणि पोट फुगलेला मेलेला मासा. पायऱ्यांवर शेवाळाचा असा जाड थर, की नखाने ओरबाडला तर लोण्यासारखा निघावा. पूर्वी दर सोमवारी ओहोटीला तलाव रिकामा करून वकील, डॉक्टर, व्यापारी सगळे गुडघ्यावर बसून तारेच्या ब्रशाने फरशी घासत. आताचे सभासद हॉटेलातल्या कोमट पाण्यात पोहतात आणि इथे फोटो काढायला येतात.

वर बायकांची कपडे बदलायची खोली होती ना, तिथे ‘वारसा दालन’ केलंय. दारातच बाबांचा पुतळा. गळ्यात शिट्टी, आणि ओठावर मिशा! ज्या माणसाने जन्मात मिशी ठेवली नाही त्याला यांनी झुपकेदार मिशा चिकटवल्या, का तर तलावाचा राखणदार म्हटल्यावर रुबाब हवा. पोहणाऱ्यांच्या पितळी बिल्ल्यांची बाबांची फळी घासूनपुसून काचेत ठेवलीय आणि तिच्याखाली सोनेरी अक्षरात लिहिलंय की शंभर वर्षांत या तलावात एकही जीव गेला नाही, आणि एक दिवसही तो बंद राहिला नाही.

मग सचिवसाहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला. क्लबाची सर्वांत जुनी हयात सभासद आणि राखणदाराची मुलगी म्हणून मी हेच दोन्ही खरं असल्याचं लिहून द्यायचं. त्यावर सरकारी तपासनीस तलावाला वारसा म्हणून संरक्षण देणार. नाही दिलं तर बंदर खातं तो बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करणार. अध्यक्ष, तो दातांचा डॉक्टर, शेजारी उभा राहून सगळे दात दाखवत होता. मी पेनाला टोपण लावलं, हात धुऊन येते म्हटलं आणि मागच्या जिन्याने घरी आले.

मी सही का केली नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या मुलाला नाही. त्याला तू सांगणार आहेस की मी सांगू?

लोभ आहे तेवढा पुरे. त्यात भर घालण्याआधी उत्तर दे.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लेकीने मोठ्याने वाचायला घेतलं होतं. बाबांच्या मिशांवर जावईसुद्धा हसले. पुढचं मात्र मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि आत जाऊन वाचलं.

ताई, सही करून टाक. तू रागावशील, पण पुरतं ऐक. त्रेसष्ट वर्षं झाली. ज्यांना विचारायचं ते सगळे गेले. आपण खरं सांगितलं तर कुणाला काय मिळणार? त्या बिचारीला तर काहीच नाही. उलट तलाव बुजेल आणि त्यावर मोटारी उभ्या राहतील. तुला शेवाळाची किळस आली, मग डांबराचं काय? आणि बाबा? आज त्यांना खोट्या मिशा आहेत, उद्या ते लोकांच्या तोंडी कोण म्हणून राहतील, याचा विचार कर. शेवटच्या आजारात त्यांनी आपल्या दोघांचे हात धरून काय मागितलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तूही विसरली नसशील.

आमच्या चिरंजिवांनी या कामात दोन वर्षं घातली आहेत. लहानपणापासून तो आजोबांची पद्धत, आजोबांची शिस्त असं ऐकत आला. त्याचं तेवढं राहू दे.

तू नेहमी म्हणतेस की मी भित्रा आहे. आहेच. पण या वेळी भित्र्याचं ऐक.

तुझ्या तीन जिन्यांना माझा नमस्कार. राग कमी झाला की दोन ओळी टाक, आणि झाला नाही तरी टाक.

तुझा छोट्या

१७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हात धुवायला गेलेली माणसं साधारण पाच मिनिटांत परत येतात असा माझा समज होता. अध्यक्ष तुमच्यासाठी खुर्ची ओढून अर्धा तास उभे होते. शेवटी तेच तिच्यावर बसले.

मिशांबद्दल तुम्ही शिपायाला जे सुनावलं ते माझ्यापर्यंत आलं. काढतो. शिट्टीही काढतो. तलाव घाण आहे हे तुमचं म्हणणंही मान्य. पण तुम्ही सही का करत नाही हे मला कुणी सांगत नाही. बाबांना विचारलं तर ते हवापाण्यावर बोलायला लागतात.

तपासनीस १२ एप्रिलला येतायत. त्यांना सर्वांत जास्त कशाचं कौतुक आहे सांगू? आजोबांच्या बिल्ल्यांचं. किती साधी गोष्ट! साठ सभासद, साठ पितळी बिल्ले. पाण्यात उतरताना आपल्या आकड्याचा बिल्ला खुंटीवरून काढून दंडाला बांधायचा, बाहेर आल्यावर परत लावायचा. फळीवर साठच्या साठ दिसल्याशिवाय आजोबा झडपेच्या चाकाला हात लावत नसत. म्हणून शंभर वर्षांत एकही अपघात नाही. मी हे माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर घातलंय.

एकच अडचण आहे. नोंदवहीतली एका वर्षाची पानं नाहीत, मुळापासून फाडलेली दिसतात. तेवढ्यासाठीच तुमच्या शब्दाला मोल आहे. तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असाल. तलाव त्या वर्षी चालू होता, एवढं तुम्हाला नक्की आठवत असणार.

तुमचा लाडका (सध्या नसलो तरी मूळचा) भाचा

२० मार्च

चि. छोट्यास अ. आ.

तुझ्या मुलाचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता माझ्या वाटचं कागदावर येऊ दे. आजवर आपण दोघांनी एकमेकांसमोरसुद्धा हे सरळ उच्चारलेलं नाही. ‘ती’ आणि ‘ते’, एवढ्यावर भागवलं.

सोमवार होता. दुपारी बारा-सव्वाबाराची वेळ, ओहोटी. सभासद जेवायला घरी गेले होते, ते फरशी घासायला परत येण्याआधी तलाव रिकामा करायचा होता. झडपेचं चाक भिंतीच्या समुद्राकडच्या अंगाला, खाली खडकावर. तिथून तलावाच्या आतलं पाणी दिसत नाही. म्हणूनच बाबांनी बिल्ले काढले. फळीपुढे उभं राहून मोजायचं काम माझं होतं. मी एकपासून साठपर्यंत मोठ्याने आकडे वाचले. एकही खुंटी रिकामी नव्हती. पाण्याकडे न बघताच मी भिंतीवरून वाकून साठच्या साठ म्हणून ओरडले आणि बाबांनी चाक फिरवलं.

मी चुकले नव्हते, छोट्या. हेच तर ओंगळ आहे. मोजणी अगदी बरोबर होती.

टॉवेलवालीला बिल्लाच नव्हता. ती सभासद नव्हती. साठ माणसांचे ओले टॉवेल ती दगडी टाकीत धुवायची, पिळायची, वाळत घालायची, पण त्या पाण्यात पाय बुडवायची तिला परवानगी नव्हती. सगळे गेल्यावर आणि झडप उघडण्याआधी जो पाव तास मिळायचा त्यात ती उतरली. पहिल्यांदाच की नेहमी, देव जाणे. पाणी झडपेकडे ओढलं गेलं आणि तिला घेऊन गेलं. तलाव अर्धा उतरल्यावर मला झडपेच्या तोंडाशी तिची साडी दिसली. मला वाटलं टॉवेल अडकलाय. मी बाबांना तसंच ओरडून सांगितलं.

तिचा तो जाड भिंगांचा चष्मा टाकीच्या काठावर नीट घडी घालून ठेवलेला सापडला. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की ती आपल्या मर्जीने उतरली, तेव्हा दोष तिचा. तेव्हाचे अध्यक्ष, ते मोठे वकील, आपल्या घरी आले. चौकशी होणार नाही म्हणाले. तिची बहीण आली, गाठोडं घेऊन गेली. तलाव चौदा महिने बंद राहिला, पानं फाडली गेली, आणि त्याच वर्षी राखणदाराच्या दोन पोरांना, सभासदांची मुलं जात त्या कॉन्व्हेंटमध्ये क्लबाच्या खर्चाने प्रवेश मिळाला. पाठ ताठ ठेवायची आणि खरं तेच बोलायचं, हे सिस्टरांनी मला तिथे शिकवलं. ती फी कशाची होती, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी पहिला नंबर काढत राहिले.

मला त्या दातवाल्याची जितकी घृणा येते, त्याहून जास्त स्वतःची येते. त्याला निदान माहीत तरी नाही.

बाबांनी हात धरून गप्प राहायला सांगितलं, खरं आहे. आपण गप्प राहिलो. पण गप्प राहणं वेगळं आणि असं काही घडलंच नाही म्हणून सही ठोकणं वेगळं. दुसरं त्यांनी मागितलं नव्हतं. तलाव बुजला तर बुजू दे.

महिनाअखेरीपर्यंत तू मुलाला सांगितलं नाहीस तर मी सांगेन. आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

ताई

२९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

तू लिहिलंस की तू चुकली नव्हतीस. खरं आहे. मी चुकलो होतो.

त्या दुपारी मी टाकीपाशी बसलो होतो. तू फळीपुढे होतीस, बाबा खाली गेले होते. तिने हात पुसले, चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली की जरा सांभाळ, आणि कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. मी मान डोलावली. ती पायऱ्या उतरून गेली. मी चष्मा डोळ्यांना लावला. त्यातून सगळं वाकडंतिकडं दिसायचं. माझा अंगठा भोपळ्याएवढा दिसत होता आणि मला फार गंमत वाटत होती.

तुझा आवाज मी ऐकला. साठच्या साठ. मग चाक करकरलं. तो आवाज मला कळायचा, दर सोमवारी ऐकायचो ना. मला ओरडता आलं असतं. पण कुणाला सांगू नकोस असं तिने सांगितलं होतं, आणि चष्मा अजून काढावासा वाटत नव्हता.

नंतर धावपळ सुरू झाली तेव्हा मी तो घडी घालून टाकीच्या काठावर ठेवला. ताई, तो तिने ठेवला नव्हता, मी ठेवला. त्या घडी घातलेल्या चष्म्यावरून तिच्यावर दोष आला हे मला मोठेपणी कळलं. बाबांच्या शेवटच्या आजारात सांगणार होतो, तर त्यांनीच हात धरला. किती बरं वाटलं होतं मला! मी तिथून इतक्या लांब का येऊन राहिलो, पाण्यात का उतरत नाही, मुलाला पोहायला तू का शिकवलंस, सगळं हेच.

सही कर म्हणून मी बाबांचं नाव पुढे केलं. बाबांसाठी नव्हतं ते.

हे पत्र चिरंजिवांना दाखव. मला तोंडाने सांगणं जमणार नाही. मग तुला जे लिहायचं ते लिही.

लोभ मागायचं या वेळी धाडस नाही.

छोट्या

१३ एप्रिल

चि. छोट्यास अ. आ.

तू सहा वर्षांचा होतास. यापुढे याबद्दल माफीचं एक वाक्य जरी आलं तरी पाकीट न फोडता परत पाठवीन. आणि लोभ मागायचं धाडस नाही म्हणे! मोठा आलाय.

तुझा मुलगा आला होता. तुझं पत्र आणि तुला लिहिलेल्या माझ्या पत्राची प्रत मी त्याच्यापुढे ठेवली आणि आत जाऊन भांडी घासत बसले, स्वच्छ होती तरी. बाहेर आले तर तो तसाच बसलेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, जागा दाखवा. तपासणीसाठी तलाव उपसला होता. मी काठावरून बोट केलं. हा आपल्या कचेरीच्या बुटांसकट त्या चिखलात उतरला आणि झडपेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. दोनदा घसरला. वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत हिरवा आणि असा घाण वास, की रिक्षावाल्याने घ्यायचं नाकारलं. आम्ही चालत आलो.

मग समितीची बैठक झाली. त्याने सगळं वाचून दाखवलं, तुझं नाव न घेता. दातवाला म्हणाला की तांत्रिकदृष्ट्या ती पोहणारी नव्हती, कर्मचारी होती, तेव्हा वाक्य खोटं ठरत नाही. मी तिथेच होते. मी त्याला सांगितलं की बरोबर हेच वाक्य त्रेसष्ट वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर ऐकलं होतं, आणि बोलणाऱ्याचे दात तेव्हाही असेच पांढरे होते. एक बाई हसली. तुझ्या मुलाने नवा कागद पुढे सरकवला: एक मृत्यू, कसा झाला ते, आणि चौदा महिने बंद. हे जाणार नसेल तर सचिव म्हणून माझी सही मिळणार नाही, असं तो म्हणाला. चार विरुद्ध तीन मतांनी ते मंजूर झालं. त्याखाली मी सही केली. बाबांचं नाव, माझं मोजणं, सगळं त्यात आहे. सोनेरी अक्षरं त्याने स्वतः खरवडली.

काल तपासनीस येऊन गेले. पुष्कळ लिहून घेतलं, चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. संरक्षण मिळेल की मोटारी येतील, पावसाळ्यानंतर कळेल.

पण तुला लिहायचं ते वेगळंच. तलावावरून परत येताना, तो चिखलाचे बूट हातात घेऊन चालत असताना, तुझ्या मुलाने मला विचारलं की तिला पोहता येत होतं का. छोट्या, इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलेलं नाही. वकिलाने नाही, बाबांनी नाही, मीसुद्धा नाही. मी तिला फक्त झडपेशी बघितली.

तिला पाण्यात बघितलेला तू एकटा जिवंत आहेस. आठवून लिही. माफी नको, तेवढंच हवं.

वाट बघणारी,
ताई

१९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

येत होतं. चांगलंच येत होतं.

ती शेवटच्या पायरीवरून उडी न मारता अलगद आत सरकली, आवाज न करता. चार-पाच हात मारून मध्यावर गेली आणि उताणी झाली. हात दोन्हीकडे पसरलेले, डोळे मिटलेले. चष्म्यातून बघायच्या आधी मी तेवढं नीट पाहिलं होतं. साठ सभासदांपैकी कुणालाही मी इतकं सावकाश पोहताना बघितलं नाही. कामावरून घरी येऊन माणूस अंग टाकतं ना, तशी ती पाण्यावर पडली होती. ओठ हलत होते. बहुतेक गाणं म्हणत होती, पण इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही.

तिला सराव होता. म्हणजे ती त्याआधीही पाण्यात उतरत असणार, बऱ्याचदा. एवढं चिरंजिवांना सांग.

तुझा छोट्या